अक्काचा अकरा मिनिटांचा आवाज

या मंडळी, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसणाऱ्यांना झोप लागते, हा माझा कीर्तनातला जुना अनुभव आहे. आणि आज जी कथा सांगणार आहे ती झोपेत कळण्यासारखी नाही. खरं सांगायचं तर जागेपणीही ती मला पुरती कळलेली नाही. एका बाईचा आवाज गेला होता. तिला बोलता यावं म्हणून शहाण्या लोकांनी बसून एक चांगला, धडधाकट कायदा केला होता. आणि त्या बाईच्या सख्ख्या भावाने नुसतं तोंड चालवून तो कायदा चारी मुंड्या चीत कसा केला, ते मी सांगणार आहे. तो भाऊ मीच. कीर्तनात कुणाची निंदा करू नये म्हणतात, म्हणून आज फक्त माझी करतो.

ती बाई म्हणजे आमची अक्का, माझी थोरली बहीण. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक सभागृह आहे. घडीच्या खुर्च्या साठ, त्यांतल्या बसण्याजोग्या पन्नास. पंखे तीन, त्यांतला मधला वारा देत नाही, नुसता आवाज देतो. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी अक्का कीर्तन करायची. अठ्ठावीस वर्षं. मागे झांजा घेऊन मी. अक्काचा आवाज असा, की तिने पहिला सूर लावला की तिसऱ्या मजल्यावरचे लोक टीव्ही बंद करत. काही भक्तीने, काही नाइलाजाने. पण ती निरूपणाला लागली की नाइलाजाने बंद करणारेसुद्धा जिन्यात येऊन उभे राहत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि स्वरयंत्र काढून घेतलं. गळ्याला टेकवून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र असतं, तेही करून पाहिलं. पण व्रण कडक, त्यातून नुसती मधमाशी ऐकू येई. फोनवर लिहावं तर बोटं थरथरतात, एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटतात. शेवटी पाटी आणि खडू आले. अक्का लिहायची आणि मी मोठ्याने वाचायचो.

वाचायचो हे जरा सौम्य झालं. तिने 'पा' लिहिला की मी म्हणायचो, पाणी? पाय दुखतोय? पावती सापडत नाही? तिने 'उ' काढला की मी 'उकडतंय ना' म्हणून पंखा पूर्ण सोडायचो, आणि ती पदर घट्ट लपेटून 'उद्या डॉक्टरांकडे' हे वाक्य थंडीत पूर्ण करायची. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा, बहिणीला एक शब्द पुरा लिहू देत नाही. मला ते कौतुक वाटायचं.

तर एके दिवशी सभागृहाचे चिटणीस वर आले. सज्जन माणूस, पण खुर्च्या मोजून मोजून मनही खुर्चीसारखं झालेलं. म्हणाले, गुरुवार किती दिवस रिकामा ठेवायचा? एक तरुण बुवा यायला तयार आहेत, त्यांच्या कीर्तनात पडद्यावर चित्रंही दिसतात. अक्काबाईंचा मान म्हणून चार महिने थांबतो. त्यानंतर गुरुवार त्यांचा.

अक्काने पाटी ओढली. 'मी' लिहिलं, मी म्हटलं, मी काय म्हणते चहा घ्या. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. लिहीत राहिली. 'मी गुरुवार सोडणार नाही.' मला न ओळखता आलेलं तिचं ते पहिलं वाक्य.

आता शेजारधर्म सुरू झाला. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी मिठाच्या गुळण्या सुचवल्या. स्वरयंत्रच नाही तर गुळणी कशाला, असं आमच्या हिने विचारलं, तर मावशी म्हणाल्या, जागा तरी स्वच्छ राहील. खरे उपयोगी पडले ते वकीलसाहेब. हे वकील नव्हेत. कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट होते. पण एवढे निकाल बोटांखालून गेल्यावर माणसात काहीतरी मुरतंच. त्यांनी चष्मा लावला आणि कायद्याचं पुस्तक असं उघडलं की मी नकळत झांजा शोधल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. ज्याला अपंगत्वामुळे बोलता, ऐकता, बघता किंवा हिंडता येत नाही, त्याला त्यावर चालणारं साधन मिळालंच पाहिजे. दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून. कोणतं साधन हवं ते अर्जदाराने ठरवायचं, ते आधी वापरून बघायला मिळायचं, बिघडलं तर दुरुस्त करून मिळायचं आणि नव्वद दिवसांत निर्णय व्हायचा. अक्कासाठी मोठ्या कळांचं, लिहिलेलं बोलून दाखवणारं आणि सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या कर्ण्याचं यंत्र होतं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तशी चिठ्ठीही दिली होती. मी म्हटलं, एवढंच ना? मी स्वतः पाणीपुरवठा कार्यालयात तेहतीस वर्षं आवक-जावक टेबलावर होतो. कागद कुठून येतो आणि कुठे हरवतो हे मला कुणी शिकवायला नको.

निघताना मावशींनी बजावलं की सरकारी दारात जरा दीन दिसावं. म्हणून मी अंगठा तुटलेली चप्पल घातली आणि शर्टाचं एक बटण काढून खिशात ठेवलं. अक्का मात्र इस्त्रीची साडी नेसून आली. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो तेव्हा साधनाची गरज नेमकी कुणाला आहे, असा प्रश्न पडण्यासारखं चित्र होतं. खिडकीतल्या बाईंनी तर मलाच विचारलं, आजोबा, तुम्हाला पायाचं साधन हवंय का?

त्या कार्यालयाच्या जिन्यापाशी स्टुलावर एक शिपाई बसलेला असे. निवृत्तीला टेकलेला, केस पांढरे, गणवेशाची कॉलर उलटून शिवलेली. माझ्या हातातला कोरा फॉर्म पाहून तो उठला आणि बोट ठेवून काहीतरी सांगू लागला. त्याची जीभ अडखळायची. एकेक अक्षर ओठावर येऊन थबकायचं.

"फ… फ…" तो म्हणाला.

मी म्हटलं, फोटो ना, आणलाय. त्याने मान हलवली. पुन्हा 'फ'. मी म्हटलं, फी माफ आहे, चौकशी केली. पुन्हा मान. तिसऱ्यांदा 'फ' म्हणाला तेव्हा मी चपलेकडे बघून म्हटलं, हो, फाटकी आहे, मुद्दाम घातली. मग तो परत स्टुलावर जाऊन बसला. अक्काने माझी बाही ओढली. मला वाटलं, तिला उशीर होतोय.

फॉर्मवर 'साधन कशासाठी हवे' असं विचारून चार चौकोन काढले होते: शिक्षण, नोकरी-व्यवसाय, दैनंदिन संवाद, सांस्कृतिक सहभाग. मी विचार केला, अक्का अजून रोज चार ओव्या नव्या पाठ करते, म्हणजे शिक्षण झालं. कीर्तन हा व्यवसाय म्हणावा तर व्यवसाय. संवाद तर हवाच. संस्कृती तर आमच्या घरात ओसंडून वाहते. मी चारही चौकोनांत भरघोस खुणा केल्या. खाली 'मालकाचे नाव' असा रकाना होता. अठ्ठावीस वर्षं अक्काने कुणाची चाकरी केली? कागदावर खोटं कशाला लिहा? मी सुवाच्य अक्षरात 'परमेश्वर' असं लिहिलं, आणि पत्ता सभागृहाचा दिला. अक्काची सही होताच, कशावर सही केली ते तिने वाचायच्या आत मी फॉर्म खिडकीत सरकवला. कार्यालयात चपळाई लागते.

मंडळी, चार खुणा केल्या की अर्ज चार खात्यांत जातो, हे मला कसं कळणार? पाणीपुरवठ्यात नळ तरी एकाच बाजूने यायचा.

तिसऱ्या आठवड्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं. अर्जदार सध्या कोणत्या इयत्तेत आहेत, हजेरी किती टक्के, पालकांची संमती आहे काय? अक्का एकोणसत्तर वर्षांची. पालकांची संमती आणायची तर आणायला फार लांब जावं लागलं असतं. पाठोपाठ सांस्कृतिक खात्याने कलापथकातील सदस्यांची संख्या आणि वेशभूषेचा तपशील मागवला. सदस्य दोन, वेशभूषा आहे तीच, असं मी कळवलं. मग रोजगार खात्याची नोटीस आली ती थेट सभागृहाच्या पत्त्यावर: 'श्री. परमेश्वर यांनी ओळखपत्रासह दहा तारखेला कार्यालयात हजर राहावे. न राहिल्यास त्यांचे काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' चिटणिसांनी ती सही करून घेतली आणि घाबरून वर आणून दिली. म्हणाले, सभागृह सोसायटीचं आहे, हे कोण परस्पर पत्ता देतंय?

चौथं, खरं आमचं, दैनंदिन संवादाचं टेबल. तिथे गेलो तर कळलं की इतर तीन खात्यांचे अभिप्राय आल्याशिवाय इथली फाईल हलत नाही. वकीलसाहेबांनी पुस्तक उघडून सांगितलं की कायद्यात असं कुठेच नाही. टेबलावरच्या गृहस्थांनी कबूल केलं की नाही; पण टेबलाच्या खणात तसं आहे. या फेऱ्यांत अडीच महिने गेले. चिटणीस आता जिन्यात भेटले की कॅलेंडरकडे बघावं तसे माझ्याकडे बघायचे.

शेवटी तीन खात्यांनी 'आमचा संबंध नाही' असं लिहून दिलं, आणि वकीलसाहेब धावत वर आले. आता पडताळणीचा फोन येणार. अर्जदाराला स्वतः काय हवंय हे अर्जदारालाच विचारायचं, असं कायद्यात आहे. फोन उचलला गेला नाही तर 'अर्जदार उपलब्ध नाही' असा शेरा पडतो आणि फाईल बंद. एवढं सांगून ते पुस्तकातलं पुढचं पान वाचू लागले, पण तेवढ्यात माझं डोकं चालायला लागलं होतं. मी फोन उशाशी, ताटाशी, बाथरूमच्या खिडकीत, असा सगळीकडे फिरवू लागलो.

मंगळवारी सकाळी तो वाजला. अक्का शेजारीच बसली होती, पाटी मांडीवर. पलीकडे एक सभ्य आवाज. त्यांनी अक्काचं नाव घेऊन विचारलं, "आपणच बोलताय का?"

आता मला सांगा, काय करायचं? 'त्यांना बोलता येत नाही' म्हणावं तर ते म्हणणार अर्जदार उपलब्ध नाही. 'मी भाऊ' म्हणावं तर अर्जदार अनुपलब्धच. मला दोन्हीकडून शेरा दिसू लागला. मी गळा आवळला, आवाज बारीक केला आणि म्हणालो, "हो, मीच बोलतेय."

इथपर्यंत थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण त्यांनी विचारलं, आपल्याला अडचण काय आहे ते आपल्या शब्दांत सांगा. आपल्या शब्दांत! अठ्ठावीस वर्षं झांजा वाजवणाऱ्या माणसाला कुणी निरूपण करायला सांगितलं नव्हतं. मी सुरू झालो. आधी मानवी वाणीचं माहात्म्य सांगितलं. मग मुक्या झालेल्या कोकिळेचा दृष्टान्त, हा माझा स्वतःचा. मग गुरुवार, सभागृह, मधला पंखा. अक्का पाटीवर ठकठक करत होती, मी हाताने 'थांब, रंगात आलंय' म्हणून खुणावलं. तिने 'गप्प बस' असं एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं की पाटी पुरली नाही. मला वाटलं, साहेब गप्प बसून ऐकतायत असं ती म्हणतेय. शेवटी कोकिळा देवाला काय म्हणाली, ते पद मी चालीवर म्हणून दाखवलं. दोन कडवी. मग ते म्हणाले, धन्यवाद, छान गाता तुम्ही.

मी फोन ठेवला आणि ऊर भरून आला. आठ दिवसांनी पत्र आलं. ते मी अजून जपून ठेवलंय. 'अर्जदाराशी दूरध्वनीवर अकरा मिनिटे संभाषण झाले. अर्जदाराचा आवाज खणखणीत असून उच्चार स्पष्ट आहेत. अर्जदारास गाताही येते. सबब वाचा-साधनाची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज नामंजूर.'

ते अक्काने स्वतः वाचलं. दोनदा. मग पाटी उलटी करून टेबलावर ठेवली आणि खडू त्यावर. तीन दिवस तिने काही लिहिलं नाही. मी समोर बसून 'पाणी? पाय? पावती?' म्हणत राहिलो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तेव्हा आमची ही, जी एरवी नणंद-भावजयीच्या मामल्यात मला मध्ये घेत नाही, भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, वन्संचा आवाज डॉक्टरांनी एकदा काढला. तुम्ही दुसऱ्यांदा काढलात."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

वकीलसाहेबांनी अपील टाईप केलं. बोटांना जुना आनंद झाला असावा, तीन प्रती जास्तच काढल्या. सुनावणीची तारीख मिळाली ती मंगळवारची. त्यानंतरच्या गुरुवारी चिटणिसांचे चार महिने संपत होते. आणि मग वकीलसाहेबांनी ते पान वाचून दाखवलं जे मी फोनच्या गडबडीत ऐकलं नव्हतं. ज्याला बोलता येत नाही त्याची पडताळणी फोनवर करायचीच नसते. 'भेटून करावी' एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. आणि त्याखाली आणखी एक ओळ: नातेवाइकाचं म्हणणं हे अर्जदाराचं म्हणणं धरू नये. ही ओळ माझ्याच ओळखीच्या कुणीतरी लिहिली असावी, असा मला संशय आला.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, काच फुटलेली. पलीकडे अधिकारी मॅडम, शेजारी टिपण घेणारे गृहस्थ, दाराशी तोच शिपाई. टेबलाच्या मधोमध एक यंत्र ठेवलं होतं: पाटीएवढा पडदा, बिस्किटांएवढ्या कळा, मागे कर्णा. अक्काने ते पाहिलं आणि मग दुसरीकडे बघितलं, जसं माणूस दुकानातल्या परवडणार नाही अशा वस्तूकडे बघतो.

मॅडमनी रेकॉर्ड उघडलं. म्हणाल्या, फोनवर बोललेली बाई कोण होती?

मी उभा राहिलो. तेहतीस वर्षांची नोकरी, एकही मेमो नाही. म्हटलं, "मी होतो."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मिश्यांपाशी जरा थांबल्या. "रेकॉर्डवर तसं घ्यायचं तर खातरजमा करावी लागेल. तोच आवाज काढून दाखवा."

मंडळी, शत्रूवरही ही वेळ येऊ नये. मी गळा आवळला आणि म्हणालो, "हो, मीच बोलतेय." टिपण घेणारे गृहस्थ टेबलाखाली पेन शोधायला वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. मॅडम शांतपणे म्हणाल्या, यात गाणंही आहे. मी कोकिळेचं एक कडवं म्हटलं. बारीक आवाजात. बाहेरच्या रांगेतली दोन माणसं दारातून डोकावून गेली. मी अक्काकडे बघायचं टाळत होतो, पण नजर गेलीच. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, आणि आवाजाविना.

मॅडमनी शेरा खोडला. मग मला खाली बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही काहीही बोलायचं नाही. खुर्ची फिरवून अक्काकडे वळल्या. "अक्का, तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय? सावकाश. मला घाई नाही."

अक्काने हात पुढे केला. बोट थरथरत होतं, पण कळा मोठ्या होत्या. एक कळ दाबली. मग दुसरी. 'म' आणि 'ला', एवढं मला उलट्या बाजूने दिसलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्यासमोर पाण्याचा पेला आला. शिपायाने ठेवला होता. मी पाणी प्यालो. ती तिसऱ्या शब्दावर अडली, मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा पेला भरला गेला. असे चार पेले झाले. इतका वेळ मी जागेपणी कधीच गप्प राहिलो नव्हतो. पंख्याचा आवाज, बाहेर कुणाची तरी काठी टेकत जाण्याचा आवाज, कळांचा आवाज. शेवटी तिने उजवीकडची मोठी कळ दाबली.

यंत्रातून एका तरुण पुरुषाचा आवाज आला, लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणतो तसला.

"मला बोलायचं आहे. आणि याच्याशिवाय बोलायचं आहे."

'याच्या' म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. मॅडमनी लिहून घेतलं. मी उरलेलं पाणी पीत राहिलो.

निर्णय लेखी यायला आणखी दिवस लागणार होते; पण निकालापर्यंत चाचणीचं साधन अर्जदाराकडेच ठेवता येतं, हेही त्याच कायद्यात होतं, आणि हेही मला माहीत नव्हतं. मॅडमनी आवाज बदलून हवा का विचारलं. बाईचे दोन आवाज ऐकवले. एक विमा विकणाऱ्या मुलीसारखा गोड, दुसरा परीक्षेचे नियम वाचल्यासारखा. अक्काने मान हलवली आणि टाईप करू लागली. आम्ही सगळे थांबलो. यंत्र म्हणालं, "हाच राहू दे. मधे अकरा मिनिटं मला पुरुषाचाच आवाज होता. सवय झाली."

या वेळी टिपणवाल्यांनी पेन शोधायचं सोंगही केलं नाही.

निघताना अक्का जिन्यापाशी थांबली. यंत्र कठड्यावर ठेवून तिने शिपायाला उद्देशून काहीतरी लिहिलं. त्याला गुरुवारी सभागृहात यायचं आमंत्रण होतं.

आणि गुरुवारी तो आला, कॉलर उलटून शिवलेल्या त्याच शर्टात, शेवटच्या रांगेत बसला. चिटणिसांनी ते तरुण बुवाही पडद्यासकट बोलावून ठेवले होते, न जाणो. अक्का उभी राहिली. समोर यंत्र, मागे मी. तिने बरंचसं आधीच टाईप करून ठेवलं होतं, तरी मधेमधे तिला नवीन सुचायचं, कीर्तनकाराला ते सुचतंच. मग ती थांबायची, लिहायची. सभागृहात शांतता व्हायची आणि मधल्या पंख्याला आयुष्यात पहिल्यांदा श्रोते मिळायचे. पहिल्या अशा थांब्याला मी सवयीने झांज वाजवून जागा भरली. अक्काने वळून पाहिलं. दुसऱ्या थांब्याला मी झांजा मांडीवर धरून ठेवल्या. वाक्य यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. आलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या मावशी पुढे झुकल्या होत्या, जिन्यात माणसं उभी होती, आणि लिफ्टवाल्याच्या आवाजात का होईना, निरूपण अक्काचंच होतं. त्या थट्टा, ते टोमणे, ते अचानक हळवं होणं, कुठलाही कर्णा ते स्वतःच्या पदरचं घालू शकत नाही. तरुण बुवांनी पडदा गुंडाळला तो आपण होऊन. चिटणीस नंतर म्हणाले की खुर्च्या कमी पडल्या. गुरुवार कुणाचा, हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

संपल्यावर मी झांजा पुसत होतो. शिपाई माझ्यापाशी आला. उभा राहिला. म्हणाला, "फ…"

माझ्या ओठावर तीन शब्द आले. फार छान? फक्कड? फराळ? मी झांजांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळल्या आणि गप्प राहिलो. त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली. सभागृह रिकामं होत होतं, खुर्च्या मिटण्याचे आवाज येत होते. तो थांबला, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. आणि मग ते वाक्य आलं, चार महिन्यांपूर्वी जिन्यापाशी निघालेलं.

"फ… फक्त ए… एकाच चौकोनात खूण करा."

एवढं सांगून त्याने समाधानाने मान हलवली, जणू एक काम राहिलं होतं ते झालं, आणि तो शेवटची बस पकडायला गेला.

अक्काचं मंजुरीचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. त्याच पाकिटात रोजगार खात्याचं तिसरं स्मरणपत्र होतं: श्री. परमेश्वर अद्याप हजर झालेले नाहीत. ते मी सभागृहात देवापुढे ठेवून आलो आहे. ज्याचं त्याने बघावं. मी कुणाच्या वतीने बोलणं सोडलंय.

तर मंडळी, कथा एवढीच. कायदा मला अजून पुरता कळलेला नाही, वकीलसाहेब म्हणतात तुम्हाला तो कळू नये हेच बरं. पण उठण्याआधी एक मागणं आहे. अक्काची आठवण ठेवा असं मी म्हणणार नाही, ती आता स्वतःच करून देते, दिवसातून दहा वेळा, पूर्ण आवाजात. तुम्ही त्या जिन्यापाशी स्टुलावर बसलेल्या माणसाची आठवण ठेवा. आणि कधी त्याच्यासमोरून गेलात, तर त्याच्या पहिल्या अक्षरानंतर जरा थांबा.